खायची माती

३ फेब्रुवारी

ही वही मले दिपालीनं दिली. दिपाली म्हणजे कॉलेजात पीएचडी करते ते चष्मेवाली पोरगी. आमच्या नदीतला गाळ अन् आमच्या वाडीतली भाजी पिशव्यांत भरून नेते, तपासाले. वहीच्या समोरच्या पानांवर तिनं पट्टीनं रकाने आखून देल्ले: तारीख, भाजी कोणती, किती, पाणी कुठलं. म्हणे, "हंसाबाई, घरात रोज जे खाल्लं ते लिहा, काहीच सोडू नका. पावसाळ्यात मी वही घेऊन जाईन." मी म्हटलं, "बाई, मी सातवी पास आहो. माह्या हातात पेन देशील तर मी रकान्यात मावणार नाई." हसली ती. म्हणे, मागची पानं तुमचीच.

तर समोर पालक, वांगे, सांभार (दिपाली त्याले कोथिंबीर म्हणते). अन् मागं बाकीचं.

बाकीचं म्हणजे एकच. माह्या उर्वशीले तिसरा महिना लागला. याच्या आधीच्या दोन खेपा वाया गेल्या, एक चौथ्या महिन्यात, एक पाचव्यात. दुसऱ्या वेळी तर मी पोराचं टोपडंही शिवून ठेवलतं. ते पेटीत तळाशी आहे, काढून टाकायची हिंमत होत नाई. आज संध्याकाळी बाबासाहेबाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. तिथं आपण काही मागत नाई, पण जराशी जास्तच वेळ उभी राह्यली.

९ फेब्रुवारी

वणीच्या बाजारात आज टोपलं दुपारच्या आतच खाली झालं. पालक पाहूनच लोकं थांबतात, इतका हिरवागार. सगळी गाळाची कमाल. चार वर्षांआधी नदी आटल्यावर श्रावणनं ट्रॅक्टर लावून नदीतला गाळ वाडीत पसरवला, तवापासून खतही कमी लागते. श्रावण म्हणजे माहा नवरा. नाव लिहू का नको असं झालं, मग म्हटलं, वाचणारी एकटी दिपाली आहे, लिही बाई.

बाजारातून उर्वशीकडे गेली. सासर जवळच आहे. इहीन मैनाबाई अंगणवाडीतून रिटायर झाल्या, त्याहीले सगळं पुस्तकातलं माहीत असते. पोरगी पिवळी पडली, तर मले सांगतात, "इहीनबाई, आयर्नची गोळी टाळते हे." जसं काही मीच लपवून ठेवली गोळी.

मैनाबाई चहा ठेवाले आत गेल्या तशी उर्वशी माह्या कानाले लागली. "आई, नदीची माती आण ना."

मी ओळखलंच होतं. मागच्या दोन्ही वेळीही तिले तीच लागे. दुकानात मिळते ती खायची माती तिले चालत नाई, म्हणे खडू चावल्यासारखी लागते. मी म्हटलं, "तुह्या सासूले समजलं तर?" म्हणे, "समजू नको देऊ." आम्ही दोघी अशा हसलो का आतून मैनाबाईनं विचारलं, काय झालं म्हणून.

११ फेब्रुवारी

माती करणं म्हणजे गंमत नोहे. माह्या मायनं शिकवलं मले. उर्वशीच्या वेळी मी खाल्ली, मायनं माह्या वेळी खाल्ली.

चिंचेजवळ नदी वळते. तिथं पाणी सुस्त होते, म्हणून तिथली माती सगळ्यात बारीक. पाणी मागं सरलं का तिच्या खपल्या उठतात. वरची खपली तेवढी घ्यायची, खालची दाताखाली कचकच करते. खपल्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, भिजवायच्या, हातानं ढवळायचं, अन् वीस आकडे मोजून थांबायचं. रेती तळाले जाते. वरचं गढूळ पाणी लुगड्याच्या फडक्यातून दुसऱ्या गंजात गाळायचं अन् झाकून ठेवायचं. सकाळी वरचं नितळ पाणी फेकलं का खाली लोण्यासारखी माती. ते ताटात थापायची, वड्या पाडायच्या, उन्हात वाळवायच्या, मग तव्यावर मंद भाजायच्या. शेवटी पाण्याचा एक शिपका. तो वास आला ना, का मले बावन्न वर्षांच्या बाईलेही राहवत नाई. एक खाल्ली. खोटं कायले सांगू.

स्टीलच्या डब्यात वड्या, वर मेथीची जुडी. पोहोचवल्या.

रकान्यात आज: मेथी, अर्धा किलो. पाणी बोअरचं.

१ मार्च

दिपाली येऊन वही पाहून गेली. फक्त समोरची पानं पाह्यली, मागची तुमची म्हणे. "काही सुटलं नाही ना, मावशी?" मी म्हटलं, "चहात किती साखर टाकली तेही लिहिलं, अजून काय लिहू?" आता मावशी म्हणते मले. पोरगी चांगली आहे, वाळकी आहे फक्त. दोन कोबी देल्ले तर म्हणे, नको, नमुन्यापुरताच नेते. आता माणसानं प्रेमानं देल्लेला कोबी कोणी नाकारते काय?

२३ मार्च

आज मैनाबाईनं पकडलं. डबा उघडला, मेथी उचलली, अन् खाली वड्या. असं पाह्यलं माह्याकडे, जसं मी जहर आणलं.

"इहीनबाई, हे काय? मातीत जंत असते. मी तीस वर्षं बायांले हेच सांगत आली."

मी म्हटलं, "जंत असतीन तुमच्या शहराच्या मातीत. मी भाजून आणते, निवळून आणते. कोणता जंत वाचते तव्यावर?"

"डॉक्टरले विचारा."

"डॉक्टर बाईले कधी डोहाळे लागले काय?"

उर्वशी मधात उभी, रडकुंडीले आलेली. मग मैनाबाईनंच डब्याचं झाकण लावलं. जाताना दारात म्हणाल्या, "मले तिची काळजी आहे, बाकी काई नाई." मी म्हटलं, "अन् मले काय तिचा राग आहे?" चढून बोलली मी. घरी येऊन वाईट वाटलं थोडंसं. पण थोडंसंच.

उर्वशीचं पोट दुखते म्हणते. तोंडात चम्मच धरून ठेवल्यासारखं लागते म्हणते. रक्त कमी आहे, त्यानंच होते. अन् रक्त कमी असलं का माती आठवते, हे तर कोणीही सांगीन. पण चौथा महिना निघाला. पाचवा लागला. मी मोजून राह्यली.

१४ एप्रिल

जयंती. आजचा दिवस मले कायमचा पाहिजे.

उर्वशी अन् जवाई रोशन दोघंही आले. पांढरी साडी, पोट आता दिसते. विहारात वंदना झाली, खीर वाटली, मिरवणुकीत पोट्टे नाचून नाचून थकले. दुपारून आम्ही मायलेकी नदीवर गेलो, चिंचेखाली. तिनं स्वतःच्या हातानं खपली उचलली, फुंकर मारली अन् तशीच तोंडात टाकली. मी ओरडली, "अवं, भाजली तरी असती!" तर डोळे मिटून बसली, लहानपणी चोरून गूळ खाल्ला का बसे तशी. म्हणे, "आई, आतमधी लाथ मारली त्यानं. त्यालेही आवडली."

मी हात ठेवला पोटावर. खरंच मारली.

पाचवा महिना पार. टोपडं पेटीतून काढलं, धुतलं, वाळू घातलं. श्रावण म्हणे, "एवढी घाई कायले?" मी म्हटलं, "तुम्ही गप बसा, तुमच्या तोंडाले काई हाड नाई."

२६ एप्रिल

कसं लिहू.

दिपालीनं विहारात सगळ्यांले बोलावलं. कागद वाचून दाखवला. नदीच्या गाळात शिसं अन् कॅडमियम. आमच्या वाड्यांच्या भाजीतही तेच. पालकात सगळ्यात जास्त, मग मेथी, सांभार. वांग्यात कमी. म्हणे लहान लेकरं अन् पोटुशा बाया, यांले सगळ्यात जास्त धोका. रक्त बनत नाई, पोट दुखते, पोटातल्या लेकराच्या डोक्यावर परिणाम होते. गर्भही पडू शकते.

कोणी म्हणे खाणीच्या ढिगाऱ्यांतून येते, कोणी म्हणे फॅक्टरीचं पाणी, कोणी म्हणे ट्रकांचा धूर. दिपाली म्हणे, "कुठून येतं ते अजून मला सांगता येत नाही. किती आहे तेवढं सांगू शकते." म्हणे चिंचेजवळच्या वळणावरचा नमुना सगळ्यात वाईट. मी मनात म्हटलं, आमच्या वाडीतला गाळ तिथूनच आणलता.

घरी आली अन् पालकाचा वाफा उपटाले लागली. मुठीमुठीनं. मेथी उपटली, सांभार उपटला. श्रावण धावत आला. "वेडी झाली काय? बाजार उद्यावर आहे!"

"माही लेक खाते हे!" मी ओरडली. "सात महिने झाले, माह्या हातानं नेऊन देऊन राह्यली मी तिले!"

महिनेही चुकले, तिले सहावाच आहे. मग तोही वाकला अन् उपटाले लागला. आता वाडीत दोन वांग्याचे ताटवे तेवढे उभे आहेत.

२ मे

गावातल्या बायांचा माह्यावर राग आहे. म्हणे हंसाबाईनं त्या पोरीले गावात घुसवलं, आता आपली भाजी कोण घेईन. साधना शेजारीण रोज बोले, तिनं तोंड फिरवलं. फिरव बाई. मलेही वाटते कधीकधी, का तिनं तपासलंच नसतं तर? मग आपल्याच गालात मारून घेते.

उर्वशीले आता आमच्या वाडीतलं पानही देत नाई. मैनाबाईले सगळं सांगून आली. त्या एका शब्दानं टोचून बोलल्या नाई, ते जास्त लागलं. म्हणे दुकानातून भाजी आणून धुऊन घेत जाईन.

रिकाम्या हातानं लेकीच्या दारात जाणं कसं असते ते आज समजलं. निदान वड्या तरी आहेत, निवळून भाजून साफ केलेल्या, चोरूनच सही. पोरीचं भाजीवरचं मन उडालं, काई खात नाई. मी या वेळी दुप्पट केल्या. पावसाळ्यात नदी भरली का खपल्या मिळणार नाई, म्हणून मोठा डबा भरूनच ठेवला.

११ मे

दिपालीच्या ओळखीनं उर्वशीचं रक्त नागपूरले पाठवलतं. रिपोर्ट आला. शिसं चोवीस. पाचच्या खाली पाहिजे म्हणतात.

डॉक्टरीणबाई समजावून बोलल्या. गोळ्या लिहून देल्ल्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या. म्हणे, "खरं औषध एकच, ते पोटात जाणं बंद करायचं. भाजी बंद झाली ना? मग उतरेल हळूहळू. महिन्यानं परत बघू."

उतरीन. उतरलंच पाहिजे. भाजी तर कवाच बंद केली आपण.

२९ मे

पोटात कळा येतात तिले, मरोडा घालून. संडास होत नाई. चिडते सारखी, रोशनवर ताट फेकलं म्हणे. माही उर्वशी, जिनं आजवर कुत्र्याले हाड म्हटलं नाई. मले पाहून रडली. "आई, तू आली का बरं वाटते. तुह्या वड्यांनी तेवढं तोंड साफ होते."

दिवसाले चार-पाच खाते म्हणे. म्हटलं, खाय बाई. बाकी तर मी काहीच करू शकत नाई तुह्यासाठी.

७ जून

एकोणचाळीस.

चोवीस होतं, एकोणचाळीस झालं. डॉक्टरीणबाईनं कागद दोनदा पाह्यला. "कुठून येतंय हे? काहीतरी चालू आहे." घरातले डबे, मसाले, हळद, कुंकू, नळाचं पाणी, भिंतीचा रंग, सगळं विचारलं. आम्ही सगळ्याले नाई, नाई म्हटलं.

बाहेर आल्यावर मैनाबाईनं माहा हात धरला. "इहीनबाई, खरं सांगा. तुम्ही अजूनही भाजी देता काय चोरून? मी रागावणार नाई. फक्त खरं सांगा."

अंगाची लाहीलाही झाली माह्या. दवाखान्याच्या पायरीवरच म्हटलं, "माह्या लेकीची शपथ, वाडीतलं एक पान देल्लं असीन तर! मी वाडी उपटून टाकली! तुम्ही काय उपटलं?"

त्या खाली मान घालून राह्यल्या. उर्वशीनं माह्याकडे पाह्यलं. तिचे ओठ पांढरे पडलेते.

शपथ खरी होती. ते मले लिहून ठेवायचं आहे. मी खोटी शपथ नाई घेतली.

१५ जून

लिहीन. सगळं लिहीन.

सकाळी बाजाराच्या निमित्तानं वणीले जाऊन उर्वशीले डबा देऊन आली. दुपारी दिपालीनं परत विहारात बायांले बोलावलं. दहा-बारा जणीच आल्या. तिनं काचेची बरणी आणलती. त्यात आमच्या नदीचा गाळ टाकला, पाणी टाकलं, झाकण लावून हलवलं अन् टेबलावर ठेवलं.

"आता बघा," म्हणे. "आधी काय बसलं खाली?"

साधना म्हणे, "रेती."

"हो. रेतीत फारसं काही नाही. हे वर जे गढूळ राहिलं ना, सगळ्यात बारीक, जे खाली बसायला अख्खी रात्र लागते, शिसं त्यालाच चिकटतं. जितकी माती बारीक, तितकं विष जास्त."

मी बरणीकडे पाहत होती. वीसपर्यंत आकडे माह्या मनात आपोआप मोजल्या गेले. रेती बसली. वर गढूळ पाणी. आता लुगड्याचं फडकं. आता झाकून ठेवायचं. आता सकाळी लोण्यासारखी.

दिपाली अजून काहीतरी सांगत होती. मी उठली. कोणीतरी विचारलं, "काय झालं हंसाबाई?" मी म्हटलं, घेरी आली. घरी आली तर चुलीजवळ तवा, तव्यावर कालचा पांढुरका धुरोळा. तो बोटानं पुसला अन् बसून राह्यली.

वर्षानुवर्षं बायांनी खाल्ली. मी खाल्ली. नदी तीच आहे, जागा तीच आहे. पण तवा नदीत हे नव्हतं.

मी गाळली. मी निवळली. जेवढं वाईट होतं तेवढं वेगळं जमा करून, रेती फेकून, वड्या पाडून लेकीले नेऊन देल्लं. भाजी बंद केल्यावर दुप्पट देल्लं.

१६ जून

फोन लावला. सांगणार होती. खरंच सांगणार होती. पण उर्वशीचा आवाज ऐकला अन् तोंडातून निघालं, "बाई, माती संपली आता. नदीले पाणी आलं. आता नको खाऊ."

ती म्हणे, "असू दे आई, कालचा डबा भरलेलाच आहे. महिना पुरते मले."

मी म्हटलं, "फेकून दे तो."

"काहून?"

"जुनी आहे. वास लागला असीन."

हसली ती. "आई, वासासाठीच तर खाते."

फोन ठेवला मी. मैनाबाईची भीती, रोशनची भीती, पहिलं बाळंतपण माहेरी होऊ देतीन का नाई त्याची भीती. हे सगळं माह्या मनात आलं, म्हणून ठेवला. अन् तिकडं ती खाऊन राह्यली. श्रावणले सांगतलं तर तो एकच म्हणाला, "पहिली गाडी कितीची आहे?" पण आजच्या गाड्या गेल्या होत्या.

१७ जून

पहिल्या गाडीनं गेली. मैनाबाई दारातच होत्या. मी चप्पल न काढता म्हटलं, "डबा कुठी आहे?"

उर्वशी आत कॉटवर पडली होती, उशाशी डबा. मी तो हिसकला. आठ-नऊ वड्या कमी होत्या. सगळं सांगतलं, तिथंच उभ्यानं. बरणीचं, निवळीचं, चिंचेच्या वळणाचं. पायरीवर घेतलेल्या शपथेचंही सांगतलं, का पान नाई देल्लं पण हे देल्लं.

मले वाटलं मैनाबाई मले घराबाहेर काढतीन. काढायले पाहिजे होतं. त्या खुर्चीवर बसल्या अन् म्हणाल्या, "त्या भांडणानंतरही ती खाते, हे मले माहीत होतं. डब्यात पाह्यली होती मी मागंच. म्हटलं, दोन खेपा गेल्या, आता तिचं मन कायले मोडू. फक्त जंताचंच आलं माह्या डोक्यात." मग त्या रडल्या. त्याहीले रडताना मी पहिल्यांदा पाह्यलं.

उर्वशी रडली नाई. उठून मोरीत गेली, बोटं घालून उलटी काढली. परत आली, पडून राह्यली. मी कपाळावर हात ठेवला तर तिनं बाजूले केला नाई, पण डोळेही उघडले नाई.

दोन वड्या कागदात बांधून दिपालीकडे पाठवल्या. बाकीच्या घेऊन परत आली. कुठी टाकू ते समजत नाई. नदीत टाकू? तिथूनच आणल्या. वाडीत टाकू? डबा तसाच पडून आहे.

२८ जून

परवाच्या दिवशी झाला. पोरगा. आठवाच महिना. कळा अचानक आल्या, वणीहून यवतमाळले आणता आणता गाडीतच पाणी गेलं. वजन दीड किलोच्या वर थोडं. काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी. रडला म्हणतात, मी नाई ऐकलं.

वड्यांचा रिपोर्ट दिपालीनं फोनवर सांगतला. आकडा तिनं दोनदा सांगतला. गाळात होतं त्याच्या कितीतरी पट. आकडा लिहीत नाई, तिच्या कागदावर आहे. म्हणे, "मावशी, चूक माझीही आहे. मी भाजी विचारली, पाणी विचारलं. माती खाता का, हे विचारलंच नाही." मी म्हटलं, "तू विचारलं असतं तरी मी नाई म्हटलं असतं, बाई. ते काई खाणं थोडीच असते."

टोपडं आणलतं. त्याच्या डोक्याले खूप मोठं होते.

४ जुलै

पेटीतच आहे. पोराचं रक्तही तपासलं, त्याच्यातही आहे. आता डोळ्याचं, डोक्याचं काय होईन ते मोठा झाल्यावर समजीन म्हणतात. म्हणजे मोठा होईन असं डॉक्टर धरून चालतात. मी तेवढंच धरून बसली.

दुपारी दिपाली वही न्याले आली. रकाने पाह्यले, मग मागची पानं वाचू का विचारलं. मी म्हटलं, वाच. वार्डाबाहेर बाकड्यावर बसून तिनं सगळं वाचलं. चष्मा काढला, पुसला. मग हळूच म्हणे, "मावशी, नऊ फेब्रुवारीला तुम्ही लिहिलंय, मागच्या दोन्ही वेळीही... तेव्हाची माती कुठली होती, आठवतं का? सांगायचं नसेल तर राहू द्या. आता त्यावरून काही सिद्ध होणार नाही. डॉक्टरही सांगू शकणार नाहीत."

मी म्हटलं, आजची रात वही राहू दे माह्याजवळ, उद्या ने.

ते पान फाडायचं मनात आलं. दोनदा हात गेला. एकच ओळ आहे तिथं, कोणाले समजलं असतं?

संध्याकाळी उर्वशीजवळ बसली होती. दूध काढून नर्सजवळ देल्लं तिनं, अन् भिंतीकडे पाहत पडली. सतरा तारखेपासून ती माह्याशी कामापुरतंच बोलते. आज तिनं स्वतःहून विचारलं.

"आई, मागच्या वेळी अन् त्याच्याही मागच्या वेळी, ती माती कुठून आणत होती तू? एकदा म्हणाली होती, वरच्या डोहावरून आणली म्हणून."

म्हटलं होतं खरं. वरच्या डोहाची माती चांगली म्हणतात म्हणून उगाच बढाई मारली होती. हो म्हणायचं होतं फक्त. हो, वरच्या डोहावरून. तिची रात सुखाची गेली असती. माहीही.

"नाई बाई," मी म्हटलं. "चिंचेखालचीच होती. दोन्ही वेळी."

बाजूच्या खाटेवरचं लेकरू रडाले लागलं, त्याच्या आईनं त्याले जवळ घेतलं, गप झालं. आमचं तिकडं पेटीत होतं.

मग उर्वशी म्हणे, "पाणी दे."

मी पिशवीतून नवी बाटली काढली, तिच्या हातात देल्ली. तिनं ती उजेडाकडे धरली, बुचाचं सील बोटानं चाचपून पाह्यलं, तुटलेलं तर नाई ना म्हणून. मग उघडली अन् प्यायली.

पान फाडलं नाई. रकान्यात शेवटची ओळ लिहिली: माती, फेब्रुवारी ते जून, रोज. त्याच्याखाली आधीच्या दोन खेपाही लिहिल्या, आठवल्या तशा.